अंतर्देशीय जलवाहतूक : नौकाचालकाची पात्रता व प्रशिक्षण

भिलाई म्हटले की १९५९ साली उत्पादन सुरू झालेला पोलाद कारखाना आठवतो. २०२२ मध्ये नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेसाठी लागलेल्या विशेष पोलादाचा काही भाग याच कारखान्याने पुरविला. परंतु नौका चालविणे हा व्यवसाय मात्र किनारपट्टीचाच, अशी येथील तरुणांची समजूत असते. वस्तुतः दुर्गजवळून शिवनाथ नदी वाहते आणि धमतरीजवळच्या गंगरेल जलाशयात पर्यटकांसाठी यांत्रिक नौका चालतात. अशा नौकांवरील चालकाची पात्रता कोण ठरवितो, हा प्रश्न परीक्षेच्या व उपजीविकेच्या अशा दोन्ही दृष्टींनी महत्त्वाचा आहे.

घटनात्मक चौकट

संसदेने राष्ट्रीय जलमार्ग म्हणून घोषित केलेल्या मार्गांवरील यांत्रिक नौकानयन संघसूचीत (नोंद २४) येते, तर अन्य अंतर्देशीय जलमार्गांवरील यांत्रिक नौकानयन समवर्ती सूचीत (नोंद ३२). २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्गांची संख्या १११ झाली. त्यांपैकी महानदीचा संबलपूर ते पारादीप हा भाग ६४ व्या क्रमांकाचा जलमार्ग आहे. शिवनाथ ही महानदीचीच उपनदी होय.

२०२१ चा कायदा

१९१७ च्या कायद्याची जागा अंतर्देशीय नौका कायदा, २०२१ याने घेतली. जुन्या व्यवस्थेत एका राज्याचे प्रमाणपत्र दुसऱ्या राज्यात चालविण्यासाठी तेथील मान्यतेची आवश्यकता भासे. नव्या कायद्यान्वये पात्रता, प्रशिक्षण व परीक्षा यांचे किमान निकष केंद्र शासन ठरविते. परीक्षक नेमणे व सक्षमता प्रमाणपत्र देणे हे काम राज्य शासनाकडे आहे. हे प्रमाणपत्र देशभर ग्राह्य असते. नौदल, तटरक्षक दल वा भूदलात तत्सम सेवा केलेल्यांसाठी सेवा प्रमाणपत्राची स्वतंत्र तरतूद आहे. सागरी जहाजांवरील नोकरीसाठी मात्र नौवहन महासंचालनालयाची वेगळी प्रमाणपत्रे लागतात; या दोहोंत गल्लत करू नये.

प्रशिक्षणाचे स्वरूप

या व्यवसायात पायरीपायरीने वर जावे लागते. प्रथम खलाशी म्हणून प्रत्यक्ष सेवा, त्यानंतर सारंग आणि पुढे मास्टर, असा डेकवरील परंपरागत क्रम आहे. यंत्रविभागात इंजिन ड्रायव्हर ते इंजिनिअर अशी चढण आहे. भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाने २००४ मध्ये पाटणा येथे राष्ट्रीय अंतर्देशीय नौकानयन संस्था सुरू केली. महाराष्ट्रात या क्षेत्राचे नियमन महाराष्ट्र सागरी मंडळ करते.

उमेदवाराला सुकाणू सांभाळणे, पाण्याची खोली व प्रवाह ओळखणे, दोराच्या गाठी, आग विझविणे, जीवरक्षण आणि प्रथमोपचार यांचे ज्ञान हवे. नौकेच्या डाव्या बाजूस लाल व उजव्या बाजूस हिरवा दिवा असतो. दोन यांत्रिक नौका समोरासमोर आल्यास दोघींनीही उजवीकडे वळावे, हा मूलभूत नियम होय.

प्रमाणपत्र कशासाठी?

१८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात नौका उलटून सहलीस आलेले १२ विद्यार्थी व २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. नौकेत क्षमतेहून अधिक प्रवासी होते आणि अनेकांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हते. जादा प्रवासी नाकारण्याचे धैर्य हेही चालकाच्या पात्रतेचेच अंग आहे, आणि तलाव लहान असला म्हणून ही जबाबदारी कमी होत नाही.

दुसरी बाजूही तितकीच विचारार्ह आहे. छत्तीसगडच्या नद्यांवर केवट व निषाद समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या नावा चालविल्या. प्रवाहाची त्यांची जाण पुस्तकातून येणारी नाही. परीक्षेची भाषा, शुल्क आणि केंद्राचे अंतर यांमुळे हेच लोक व्यवसायाबाहेर राहिले, तर कायद्याचा हेतू अपुरा राहील. म्हणून प्रशिक्षण जलाशयांपर्यंत नेणे व त्यांच्या अनुभवाला प्रमाणपत्राची जोड देणे, हीच जलसुरक्षेची आणि रोजगाराचीही खरी दिशा ठरते.