घरातला बाबू आणि गावातला बाबू

बाय, शाळेत कोडिंगच्या केअर्स योजनेच्या तासाला तू स्क्रॅचमध्ये व्हेरिएबल करायचीस, तेव्हा खिडकी विचारायची: सगळ्या स्प्राइटांसाठी की फक्त याच स्प्राइटसाठी? आता पायथनमध्ये फंक्शन लिहिताना तोच प्रश्न असतो, पण विचारत कुणी नाही. तो तूच विचारायचा.

पेडण्यात घरटी एक बाबू. आईने ‘बाबू’ म्हणून हाक मारली की घरातला धावतो. तो नसला तर वाड्यावरचा, तोही नसला तर गावातला. पायथन नाव असंच शोधतो. आधी चालू फंक्शनात, मग त्याला वेढणाऱ्या फंक्शनात, मग फाइलच्या वरच्या पातळीवर, शेवटी भाषेच्या स्वतःच्या नावांत. शोध आतून बाहेर जातो, बाहेरून आत कधीच नाही. फंक्शनात जन्मलेलं नाव बाहेर छापायला गेलीस तर नेमएरर येणारच.

खरी मेख पुढे आहे. डिचोलीच्या काजूबियांचा हिशोब लिहितेस समज. वर एकूण = 0. खाली भर नावाचं फंक्शन, आणि आत एकूण = एकूण + किलो. (2008 मध्ये आलेल्या पायथन 3 पासून देवनागरी नावं चालतात, किंमत म्हणून देवनागरी आकडे मात्र चालत नाहीत.) चालवलंस की अनबाउंडलोकलएरर! वर एकूण आहे, मग दिसत का नाही? कारण पायथन फंक्शन चालवण्याआधी ते अख्खं वाचतो. त्यात कुठेही, अगदी शेवटच्या ओळीत का असेना, एखाद्या नावाला बरोबरच्या चिन्हाने किंमत दिलेली आढळली की ते नाव पहिल्या ओळीपासून स्थानिक ठरतं. मग उजवीकडचं एकूणही स्थानिकच, आणि त्यात अजून काहीच नाही. हे नीट पचव, घाई करू नकोस.

फंक्शनाच्या सुरुवातीला ‘ग्लोबल एकूण’ लिहिलंस की एरर जाते, पण मला तो उपाय पटत नाही. पाच फंक्शनं एकाच आकड्याला हात लावू लागली की तो कुणी बिघडवला ते सापडत नाही. त्यापेक्षा कंसातून आत दे, रिटर्नने परत घे: एकूण = भर(एकूण, किलो).

यादीशी जपून वाग. बाहेरच्या यादीला अपेंड केलंस तर एरर येत नाही, कारण नावाला नवी किंमत दिलेली नसते. पण बाहेरची यादी खरोखर बदलते. आणखी एक: इफ आणि फॉर यांना पायथनमध्ये वेगळं घर नाही, फॉरमधलं नाव लूप संपल्यावरही उरतं. जावास्क्रिप्टचं लेट मात्र आपल्या महिरपी कंसाबाहेर दिसत नाही.

आणि कधी अडलीस तर फंक्शनाच्या आत प्रिंट(लोकल्स()) घाल. त्या घडीला आत कोणकोणती नावं आहेत ते समोर येतं.