अंगणातील टेकोमा

ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील गृहसंकुलांच्या आणि शाळांच्या कुंपणालगत पिवळ्या, घंटेसारख्या फुलांचे जे झुडूप दिसते, ते टेकोमा होय. मूळचे अमेरिका खंडातील हे झुडूप आपल्या टेटूच्याच कुळातील आहे. त्यास भरपूर ऊन हवे. पावसाळ्यात आळ्यात पाणी साचल्यास मुळे कुजतात, म्हणून रोप उंचवट्यावर लावावे. बहर ओसरताच फांद्या छाटाव्यात. ही छाटणी केवळ शोभेसाठी नव्हे. शेंगांतील पंखधारी बी वाऱ्याने दूरवर पसरते. दक्षिण आफ्रिकेत टेकोमाची गणना उपद्रवी वनस्पतींत होते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडणाऱ्या येऊरच्या जंगलालगतच्या वसाहतींनी शेंगा हिरव्या असतानाच खुडाव्यात. त्याहून बरे म्हणजे तेथे तगरच लावावी. तिची फुले देवपूजेसही चालतात.