'रिसीव्ड' आणि 'ॲक्सेप्टेड' : सही करण्यापूर्वी फरक ओळखा

ट्रान्सपोर्टचा माणूस गाठी उतरवतो, चलानाची प्रत पुढे करतो आणि दुकानातला पोऱ्या त्यावर 'रिसीव्ड' लिहून सही ठोकतो. हरकत नाही. पण काही छापील चलानांवर 'रिसीव्ड अँड ॲक्सेप्टेड' असे असते आणि सही तीच पडते. या दुसऱ्या शब्दाची किंमत मोठी आहे.

उर्दू शाळेत शिकलेल्यांना फरक चटकन कळेल. 'वसूल पाया' वेगळे, 'कबूल' वेगळे. माल हाती आला म्हणजे रिसीव्ह झाला. मंजूर करून ठेवून घेतला म्हणजे ॲक्सेप्ट झाला.

सन १९३० चा मालविक्री कायदा हेच सांगतो. त्याच्या कलम ४१ प्रमाणे न पाहिलेला माल तपासण्याची वाजवी संधी घेणाऱ्याला मिळाली पाहिजे. कलम ४२ प्रमाणे माल तीन तऱ्हांनी ॲक्सेप्ट होतो : तसे कळवल्याने, मालाशी मालकासारखे वागल्याने, किंवा वाजवी मुदत उलटूनही नकार न कळवता माल ठेवून घेतल्याने. म्हणजे तोंडातून शब्द न काढताही कबुली होते! समजा, ४४ इंच पन्ह्याचे ५० ताके ग्रे मागवले, भरले ४२ इंच. मोजून पाहिल्यावरही ताके कापले किंवा रंगाईला पाठवले, तर माल परत करण्याचा हक्क बहुधा गेला. पन्हा कमी भरल्याची भरपाई मागता येते, पण "तुमचा माल घेऊन जा" म्हणता येत नाही. उलट, वेळेत नाकारला तर, वेगळे ठरले नसेल तेव्हा, माल स्वतःच्या भाड्याने पोचवण्याचीही जबाबदारी नाही. नकार कळवणे पुरे, असे कलम ४३ म्हणते.

आता विकणाऱ्याची बाजू. आपल्या लूमवाल्या आणि कारागीर बांधवांनी ही नीट वाचावी. सन २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात पैशाची मुदत याच शब्दावर टांगलेली आहे. माल पोचल्यापासून १५ दिवसांत घेणाऱ्याने लेखी हरकत घेतली नाही, तर पोचल्याच्या दिवशीच तो ॲक्सेप्ट झाला असे धरतात. लेखी करार नसेल तर तिथून १५ दिवसांत पैसे द्यायचे. करार असला तरी ४५ दिवसांच्या वर मुदत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. त्यासाठी उद्यम नोंदणी आधीच केलेली असावी. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या आम्हा व्यापाऱ्यांना विक्रेता म्हणून हे संरक्षण नाही, मात्र लघुउद्योगाकडून माल घेतला की देण्याचे बंधन आहे. "फोल्डिंग बघून सांगतो" असे तोंडी बोलून महिना काढणाऱ्यांना कायदा साथ देत नाही.

म्हणून घेणाऱ्याने चलानावर 'माल मिळाला, तपासणी बाकी' असे मराठीतच लिहावे, 'अँड ॲक्सेप्टेड' खोडून तिथे सही करावी, आणि खोट आढळताच ताक्यांचे नंबर घालून पत्र द्यावे. विकणाऱ्याने पोच घेताना सहीखाली तारीख घालून घ्यावी, कारण दिवस तिथूनच मोजले जातात.

स्पेलिंगचीही एक गंमत आहे. ॲक्सेप्टचे पहिले अक्षर 'ए'. तिथे 'ई' घालून पहिल्या 'सी'च्या जागी 'एक्स' लिहिला की शब्द होतो 'एक्सेप्ट', म्हणजे 'वगळून'. घाईत टाइप केलेल्या ऑर्डरीत ही चूक पाहण्यात येते, आणि मग कुठले ताके घेतले नि कुठले वगळले यावर दोन्ही पेढ्यांचे मुनीम भांडत बसतात.