स्वादुपिंडाची गाठ : भय आणि उपाय

हरतालिकेचा उपवास फ्रीगंजातील मराठी घरांना नवा नाही. त्या दिवशी संध्याकाळी एखादी सून चक्कर येऊन पडली, तर सासूबाई तिला साखरपाणी पाजतात, ती उठून बसते आणि गोष्ट तेथेच मिटते. बहुतेक वेळा त्यात काळजीचे काही नसते. पण असे समजा की, हाच प्रकार एरवीही वारंवार होऊ लागला. पहाटे उपाशीपोटी ती घामाने भिजते, असंबद्ध बोलते, एखादे दिवशी हातपाय आखडतात. आणि काही गोड पोटात गेले की पुन्हा पूर्ववत होते. मग कोणी म्हणते फेफरे, कोणी म्हणते बाहेरची बाधा. वर्षे अशीच जातात. खरे दुखणे मात्र पोटात, बोराएवढ्या एका गाठीत लपलेले असू शकते. अशा गाठींविषयी वाचकांस थोडी माहिती करून द्यावी, एवढाच आमचा हेतू आहे.

स्वादुपिंड हा अवयव जठराच्या मागे आडवा असतो. त्याची लांबी सुमारे १५ सेंटिमीटर. त्याचे डोके लहान आतड्याच्या वळणात बसलेले, तर शेपूट प्लीहेपर्यंत गेलेले. त्याची कामे दोन : अन्न पचविणारा रस आतड्यात सोडणे आणि इन्सुलिन रक्तात सोडून साखर ताब्यात ठेवणे.

या अवयवाच्या कर्करोगाचे नाव काढताच लोक घाबरतात, आणि ते अकारण नव्हे. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे याच रोगाने १७ मार्च २०१९ रोजी निधन झाले. नेहमी आढळणारा प्रकार रसवाहिनीतून उद्भवतो व बहुधा फार उशिरा उमगतो. परंतु स्वादुपिंडाची प्रत्येक गाठ त्या जातीची नसते. काही दुर्मिळ गाठी अशा आहेत की, त्या वेळीच काढल्या तर रोगी पूर्ण बरा होतो.

त्यांतील पहिली म्हणजे इन्सुलिनोमा. दरवर्षी दहा लाखांत एक ते चार माणसांनाच ती होते. निरोगी शरीरात साखर उतरली की इन्सुलिन आपोआप थांबते. ही गाठ मात्र ते सोडीतच राहते. अशा गाठींपैकी दहांत नऊ निरुपद्रवी जातीच्या, म्हणजे न पसरणाऱ्या असतात आणि पुष्कळशा दोन सेंटिमीटरांहूनही लहान. इन्सुलिनचा शोध १९२१ साली टोरांटो शहरी लागला आणि त्याच शहरात १९२९ साली रॉस्को ग्रॅहॅम यांनी अशी गाठ काढून रोग्यास बरे केले. पुढे न्यूयॉर्कचे शस्त्रवैद्य ॲलन व्हिपल यांनी तिची तीन लक्षणे सांगितली : उपाशीपोटी झटका येणे, त्या वेळी रक्तातील साखर उतरलेली असणे व साखर देताच आराम पडणे. आजही निदानासाठी रोग्यास रुग्णालयात ठेवून ७२ तासांपर्यंत उपवास करवितात. घरी मात्र हा प्रयोग कोणी करू नये.

दुसरी गाठ बहुतांशी तरुण स्त्रियांना होते. व्हिपल यांच्या सहकारी व्हर्जिनिया फ्रांट्झ यांनी १९५९ साली तिचे वर्णन केले. ती सावकाश वाढते. पोटात जडपणा जाणवतो किंवा सोनोग्राफीत अकस्मात दिसते. आकाराने मोठी झाली तरी शस्त्रक्रियेने बहुतेक सर्व रोगी बरे होतात.

शस्त्रक्रियेचा प्रकार गाठीच्या जागेवरून ठरतो. लहान गाठ मुख्य रसवाहिनीपासून दूर असेल, तर तेवढीच सोलून काढतात. ती शेपटीत असेल, तर तेवढा भाग कापतात व शक्य तर प्लीहा राखतात. डोक्यात खोलवर असेल, तर आतड्याचा काही भाग व पित्ताशय यांसह डोके काढून पुन्हा जोडणी करावी लागते. ही शस्त्रक्रिया व्हिपल यांच्याच नावाने ओळखली जाते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जो रस अन्न पचवितो, तो शिवणीतून झिरपला तर आसपासचे मांसही जाळतो. शिवाय या रोग्यांचे उरलेले स्वादुपिंड बहुधा निरोगी, म्हणून मऊ असते. त्यात टाका नीट धरत नाही. म्हणजे गाठ सौम्य असली तरी शस्त्रक्रिया सौम्य नसते. ती नित्य करणाऱ्या हातांकडूनच करवावी. परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले, आणि तेथे स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रिया मोठ्या संख्येने होतात.

उज्जैनहून मुंबई रात्रभराच्या गाडीवर आहे. परंतु गरीब घरास ते अंतर मैलांनी नव्हे, तर भाडे, मुक्काम आणि बुडालेली मजुरी यांनी मोजावे लागते. दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा रुग्ण व नातलगांस आसरा देते. पात्र कुटुंबांस आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. पण धर्मशाळेचा पत्ता सांगणारा, योजनेचा कागद भरून देणारा आणि सोबत गाडीत बसणारा कोणी तरी हवा असतो. आपल्या माणसांची संस्था असते ती यासाठीच.

म्हणून वाचकांस आमची विनंती एवढीच : कोणास उपाशीपोटी वारंवार झटके येत असतील, तर झटक्याच्या वेळीच रक्तातील साखर तपासवून घ्या व तो आकडा लिहून डॉक्टरांस दाखवा. आणि ‘स्वादुपिंडात गाठ आहे’ असे कोणी सांगितले, तर हातपाय गाळण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा : ती कोणत्या जातीची आहे?