परमुलखी अटक झालेला सोबती

पोटासाठी परमुलखी जाणारे लोक आपल्या खेड्यांतून पुष्कळ आहेत. कोणी ऊसतोडीकरिता कर्नाटकात जातो, कोणी कामाच्या शोधात सुरतेची गाडी धरितो. अशा वाटेवर पोलिसांनी सोबत्यास धरिले, म्हणजे कित्येक जण भयाने पुढील गाडीत बसून घरी येतात. कित्येक जण चौकीबाहेर भेटलेल्या गोड बोलणाऱ्या इसमाच्या हाती गाठीचे पैसे देऊन मोकळे होतात. बंदिवान मात्र होता तेथेच राहतो.

पौल रोमात कैदेत असता अनेसिफर त्याच्या भेटीस गेला, हे तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रावरून वाचकांस ठाऊकच आहे. त्याने प्रथम काय केले? त्याने शोध केला. त्या मोठ्या शहरात बेड्या घातलेला एक मनुष्य हुडकून काढणे सोपे नव्हते. आजही पहिले काम तेच आहे. गाडीत किंवा स्थानकात धरिले असेल तर लोहमार्ग पोलिसांच्या ठाण्यात विचारावे. तेथे पत्ता न लागल्यास जिल्ह्याच्या पोलीस नियंत्रण कक्षात जावे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे, अटक झालेल्यांची नावे व पत्ते प्रत्येक ठाण्यात लोकांस दिसतील असे लावावयाचे असतात. तसेच बंदिवान ज्याचे नाव सांगेल त्यास अटकेची खबर देणे पोलिसांस भाग आहे. आणि तो आप्तच असला पाहिजे असे नाही, मित्रही चालतो. तेव्हा “मी त्याचा कोण?” असा संकोच चौकीच्या दाराशी करू नये.

संविधानाच्या बाविसाव्या कलमान्वये अटकेपासून चोवीस तासांच्या आत, वाटेचा वेळ वगळून, बंदिवानास दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. त्या वेळी सोबत्याने कचेरीत हजर असावे. बंदिवानाची ओळखीची कागदपत्रे, घरचा पत्ता आणि त्यास काही दुखणे असल्यास औषधाची चिठ्ठी जवळ ठेवावी. वकिलास देण्यास पैसा नसला तरी घाबरू नये. १९८७ च्या कायद्याने कोठडीतील मनुष्यास सरकारी खर्चाने वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा, अथवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा.

खरी अडचण जामिनाची. परक्या गावी जामीनदार कोठून आणावा? मध्य प्रदेशात मोती राम नावाच्या एका गरीब गवंड्याकडे दंडाधिकाऱ्याने दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला. त्याचा भाऊ उभा राहावयास तयार होता, परंतु भाऊ व त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो नाकारला गेला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने हे अयोग्य ठरवून गवंड्यास एक हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडण्याचा हुकूम केला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निकालात विचारिले की, दूर प्रांतातून आलेल्या मनुष्याने तेथे घरदार असलेला जामीनदार आणावा तरी कसा? म्हणून “जामीनदार याच जिल्ह्याचा पाहिजे” असे कोणी म्हणाल्यास वकिलाकडून हा निकाल दाखवावा. गुन्हा जामीनपात्र असेल आणि अटकेपासून एका आठवड्यात जामीनदार मिळाला नाही, तर तो मनुष्य निर्धन समजून जातमुचलक्यावर सोडावा, असेही कायदा सांगतो.

तथापि जामीनदार होणे म्हणजे केवळ अंगठा देणे नव्हे. सोबती तारखेस हजर न राहिल्यास रक्कम जामीनदाराकडून वसूल होते. म्हणून ज्याचा स्वभाव आपण जाणतो त्याच्यासाठीच उभे राहावे, आणि उभे राहिल्यावर पुढची तारीख आपल्याही वहीत लिहून ठेवावी. त्याने गुन्हा केला की नाही, हे ठरविणे न्यायाधीशाचे काम आहे, सोबत्याचे नव्हे. पोलिसांशी हुज्जत घालू नये, खोटी साक्ष देऊ नये, न वाचलेल्या कागदावर सही करू नये. आणि गावी त्याची बायकोमुले वाट पाहत असतील. त्यांस खरी हकीकत त्याच दिवशी कळवावी, नाही तर बाजारच्या दिवशी भलतीच बातमी त्यांच्या दारी जाते.