साल्हेरच्या माथ्यावर जायला किती पैसे लागतात?

साल्हेर हा महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला, उंची १,५६७ मीटर. कळसूबाईनंतर राज्यातलं हेच दुसरं शिखर. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्याचं नाव आलं. तरी बागलाणचा हा कोपरा पुण्या-मुंबईपासून लांब असल्याने वाट बरीचशी शांत असते. खालचा हिशेब नाशिकहून निघणाऱ्या चौघांचा, एका मुक्कामाचा आहे. रकमा अंदाजे धरा.

प्रवास : नाशिक ते सटाणा सुमारे ९० किलोमीटर, तिथून ताहाराबाद-मुल्हेरमार्गे पायथ्याचं वाघांबे आणखी ४५. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या एसटीने एका बाजूला सुमारे २३० रुपये होतात. महिलांना निम्मं तिकीट, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास. स्वतःच्या गाडीला जाऊन-येऊन दोन हजारांचं पेट्रोल लागेल, टोल वेगळा. म्हणजे चौघे असाल तर गाडी एसटीइतकीच पडते. दोघेच असाल तर एसटी निम्म्यात. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ सटाणा आगारात आधीच विचारा. ती चुकली की खासगी जीप करावी लागते; त्यासाठी माणशी २०० रुपये बाजूला ठेवा.

वाटाड्या : गावातल्या माहीतगाराला दिवसाचे ८०० रुपये धरा, माणशी २००. रक्कम निघण्याआधी ठरवा.

जेवण आणि मुक्काम : गावातल्या घरी दोन जेवणं, सकाळचा चहा-नाश्ता आणि पथारी मिळून माणशी ५००. आदल्या दिवशी फोन करून माणसं किती ते कळवा, म्हणजे अन्न वाया जात नाही. पैसे रोख न्या.

साहित्य : चांगल्या पकडीचे बूट आणि विजेरी एकदाच घ्यायच्या वस्तू आहेत. पाणी प्रत्येकी किमान तीन लिटर घ्या.

एकूण : एसटीने माणशी सुमारे १,३५०, महिलांना ११००-११५०.

एखाद्या संस्थेबरोबर जाणार असाल, तर पैसे भरण्याआधी विचारा : गाडी कुठून सुटते, जेवणं किती, वाटाड्या स्थानिक आहे का, बेत रद्द झाला तर परतावा किती? उत्तरं लेखी घ्या.

चढाईला तीनेक तास लागतात. वाघांब्याहून साल्हेर आणि सालोटा यांच्यामधल्या खिंडीत पोचायचं, मग कातळातल्या पायऱ्या आणि दरवाजे ओलांडत परशुराम मंदिराच्या माथ्यावर. पावसाळ्यानंतर गवत कमरेएवढं वाढून पायवाट झाकते, ओला कातळ निसरडा होतो. अशा वाटेवर मदतीला हाक मारावी तर आसपास कुणी नसतं. म्हणून खर्च कमी करायचा असेल तर आणखी दोन सोबती जोडा. वाटाड्याचे आठशे मात्र वाचवू नका : त्यांतून तुमची सुरक्षितता मिळते आणि पायथ्याच्या घराला मिळकत.