किरणोपचार-तंत्रज्ञ : एक अपरिचित व्यवसाय

विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्यांस डॉक्टर व इंजिनिअर ह्या दोनच वाटा बहुधा दिसतात. परंतु कर्करोग्यांस किरणोपचार देणाऱ्या तंत्रज्ञाचा व्यवसायही तितकाच विचारार्ह आहे.

इ. स. १८९५ मध्यें राँटजेन यांनीं क्ष-किरण शोधून काढले व १८९८ मध्यें क्यूरी दांपत्यानें रेडियमचा शोध लाविला. असे किरण पेशींतील आनुवंशिक द्रव्य मोडतात. निरोगी पेशी ही हानि बऱ्याच अंशीं भरून काढतात. कर्कपेशींस तें तितकेंसें साधत नाहीं. म्हणून मात्रा विभागून देतात. ग्रे हें तिचें माप होय. ५० ग्रे द्यावयाचे असल्यास रोज २ ग्रे, आठवड्यास ५ दिवस, याप्रमाणें ५ आठवडे लागतात.

मात्रा डॉक्टर ठरवितात. ती शरीरांत कशी पोंचेल याचें गणित भौतिकशास्त्रज्ञ मांडतात. परंतु रोग्यास रोज त्याच स्थितींत निजवून यंत्र चालविणें हें तंत्रज्ञाचें काम. थोडी जागा चुकली तरी किरण गांठ सोडून निरोगी अवयवावर पडावयाचे! डोक्याच्या वा मानेच्या रोगांत चेहऱ्यावर जाळीदार मुखवटा बसवितात, तो ह्याचसाठीं. उपचार चालू असतां रोगी खोलींत एकटाच असतो. तंत्रज्ञ बाहेरून पडद्यावर त्यास पाहतो व त्याच्याशीं बोलतो. अशा वेळीं धीराचा एक शब्दही मोलाचा ठरतो.

‘किरण आमच्या मुलास बाधणार नाहींत ना?’ असें पालक विचारतील. मारी क्यूरी १९३४ सालीं रक्ताच्या विकारानें निवर्तल्या; किरणांचा दीर्घ संपर्क हेंच त्याचें कारण मानितात. त्या काळीं संरक्षणाचें ज्ञान अपुरें होतें. आतां खोलीच्या भिंती जाड काँक्रीटच्या असतात, तंत्रज्ञाच्या छातीवर मात्रा मोजणारा बिल्ला असतो आणि आपल्या देशांत १९८३ सालीं स्थापन झालेलें अणुऊर्जा नियामक मंडळ या व्यवस्थेवर देखरेख ठेवितें. नियम पाळणारास भिण्याचें कारण नाहीं. निष्काळजी मनुष्यानें मात्र ह्या वाटेस जाऊं नये.

बारावीस विज्ञान विषय घेऊन पुढें पदवीचा अभ्यासक्रम करितां येतो. त्यांत शरीररचना, भौतिकशास्त्र, किरणसंरक्षण व रुग्णसेवा शिकून रुग्णालयांत प्रत्यक्ष काम करावें लागतें. अशा शिक्षणाचा दर्जा राखण्यासाठीं २०२१ च्या कायद्यानें राष्ट्रीय आयोगाची तरतूद केली आहे.

लेडी मेहेरबाई टाटा १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. त्यांच्या स्मरणार्थ योजिलेलें टाटा मेमोरियल रुग्णालय मुंबईंत १९४१ सालीं उघडलें. दूरदूरच्या गांवांहून तेथें रोगी येतात. यंत्रें द्रव्यानें मिळतात. तीं चालविणारे दक्ष हात आणि कनवाळू अंतःकरण मात्र घडवावें लागतें. विद्यार्थीमित्रांनो, गणितांतील अचूकपणा आणि घरच्या आजाऱ्याची शुश्रूषा, ह्या दोहोंची आवड ज्यास असेल, त्यानें ह्या वाटेचा अवश्य विचार करावा.